चार नावं, चार बिघाड

खुशबूने चार उमेदवारांना चार वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या, आणि तुमसरच्या बडवाईकांच्या घरात आठवडाभर त्याचीच थट्टा चालली होती. नोकरी मागायला येणारा माणूस सकाळी आठला फाटकाशी येऊन बसतो आणि मालकाला सवड झाली की आत जातो, एवढंच या घराला माहीत. तिचा भासरा प्रविण, म्हणजे तिचा नवरा कुलदीप याचा मोठा भाऊ, अलीकडे घरची तांदळाची मिल एकहाती पाहत होता. तो जेवताना म्हणाला की खुशबूने मिलचा दवाखाना करून टाकला, आता पेशंटला नंबर देऊन राहिली. सगळे हसले. खुशबूही हसली, कारण तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

लग्नाआधी चार वर्षं ती नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात माणसांच्या भरतीचं काम करत होती. जाहिरात देणं, फोन करणं, आलेल्या माणसाला बसायला खुर्ची आहे की नाही ते पाहणं, आणि ज्याला घ्यायचं नाही त्याला तसं स्पष्ट कळवणं. हे शेवटचं काम तिथे कुणालाच नको असे. खुशबू ते मागून घ्यायची. स्वतः नोकरी शोधत असताना ती अकरा ठिकाणी गेली होती. दहा ठिकाणांहून पुढे काहीच कळलं नाही. अकराव्या ठिकाणच्या एका बाईंनी मात्र फोन करून सांगितलं की तुम्हाला घेत नाही आहोत, कारण हे असं आहे, आणि तुम्ही वाट पाहत बसू नका. त्या दिवशी ती रडली होती खरी, पण त्याच संध्याकाळी तिने पुढचा अर्जही लिहिला होता.

मिलचा प्लांट सांभाळणारा माणूस दिवाळीआधीच सोडून गोंदियाकडे गेला. फाटकावर ‘सुपरवायझर पाहिजे’ अशी पाटी दोन महिने लटकत होती, पण कामाचा माणूस फिरकला नाही. शेवटी तिचे सासरे ताराचंद यांनी तिला बोलावलं. त्यांची सत्तरी उलटली होती आणि मिल त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केली होती. ते म्हणाले, "तू नागपूरले हेच करत होती ना? मंग आपल्या मिलसाठी कर." या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. भात, भाजी आणि पाहुणे सोडून तिला कुणी काही विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ती खोलीत गेली आणि कुलदीपला तिने ते दोनदा सांगितलं.

तिने जाहिरात लिहिली. पगार लिहिला, वेळ लिहिली, आठवड्याची सुट्टी लिहिली, आणि मुलाखतीनंतर दोन दिवसांत होय की नाही ते कळवू असंही लिहिलं. पगार लिहायला प्रविणचा विरोध होता; ताराचंद म्हणाले, राहू दे. चार दिवसांत एकोणीस फोन आले. प्रत्येकाशी ती स्वतः बोलली, चौघांना निवडलं आणि रविवार ठरवला, म्हणजे दुसरीकडे कामाला असलेल्यांना सुट्टी मागावी लागू नये.

घरात एकच माणूस तिच्याशी बोलेनासं झालं. तिची जाऊ हर्षा, प्रविणची बायको. हर्षाचा भाऊ मनिष डिप्लोमा झालेला होता आणि प्रविणने दीड वर्षापूर्वीच त्याला शब्द दिला होता की प्लांटवरची जागा निघाली की ती तुझी. जाहिरात वर्तमानपत्रात आली त्या सकाळी हर्षा सासूला, गोदावरीबाईंना म्हणाली की लहानीने माह्या भावाची जागा बाजारात मांडली. खुशबूला ते भिंतीआडून ऐकू आलं. तिने मनिषचं नावही यादीत घातलं, साडेबाराची वेळ दिली आणि हर्षाला तसं सांगितलं. हर्षाने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

रविवारी साडेनऊला मधुकरराव आले. कारध्याचे, वय पंचावन्नच्या पुढे, तीस वर्षं वेगवेगळ्या मिलमध्ये काढलेली. साडेदहाला मोहाडीचा एक इलेक्ट्रिशियन आला. साडेअकराला नाकाडोंगरीची रीता आली. ती सव्वीस वर्षांची होती आणि दोन वर्षांपासून तुमसरातल्याच दुसऱ्या एका मिलमध्ये सॉर्टेक्स चालवत होती. सॉर्टेक्स म्हणजे तांदळातला काळा, डागी दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फटक्याने बाजूला उडवणारं मशीन. तिने फोनवर खुशबूला दोनदा विचारलं होतं की जागा नक्की भरायची आहे का, कारण हंगामात त्यांची मिल रविवारीही चालते आणि तिचा मालक सुट्टी देत नाही. खुशबूने दोन्ही वेळा सांगितलं होतं की नक्की भरायची आहे.

मुलाखती चांगल्या झाल्या. ऑफिसात तिने खुर्च्या लावल्या होत्या, पाणी ठेवलं होतं. प्रविण शेजारी बसला होता, फारसं बोलत नव्हता. प्रत्येकाचं बोलणं संपलं की तो उठायचा आणि म्हणायचा, चला, जरा प्लांटवर हात दाखवा. खुशबूला त्यात वावगं वाटलं नाही. मशीनवरच्या माणसाला मशीनवरच पारखावं लागतं. साडेबाराला मनिष आला. त्याचं बोलणं झाल्यावर त्यालाही प्रविण घेऊन गेला, आणि खुशबूला म्हणाला की आता तू घरी जाय, मनिष आज जेवाले आहे.

घर मिलच्या मागेच होतं. गोदावरीबाई पाटवड्यांचा रस्सा करत होत्या. खुशबूने पोळ्या लाटल्या. एक वाजला, दोन वाजले. जेवायला कुणी आलं नाही. अडीचला ती चहाचा थर्मास घेऊन मिलमध्ये गेली तेव्हा तिला वाटलं होतं की सगळे केव्हाच गेले असतील.

रीता सॉर्टेक्सच्या मागे उकिडवी बसली होती. केसांवर, भुवयांवर कोंड्याचा पिवळट थर. तिने मशीनच्या हवेच्या सगळ्या नळ्या काढून फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या आणि एकेक फुंकून पुन्हा बसवत होती. कंप्रेसरमधून हवेबरोबर पाणी येत होतं, तिने सांगितलं, म्हणून फटका बसत नव्हता आणि काळा दाणा चांगल्या तांदळात जात होता. फिल्टर कितीतरी महिन्यांत कुणी उघडला नव्हता. आता होऊन जाईल. बारा वाजल्यापासून ती तिथे होती. तिने डबा आणला होता, तो तिच्या पिशवीत तसाच होता.

सव्वातीनला मशीन सुरू झालं. प्रविणने मूठभर तांदूळ हातात घेऊन पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "ठीक आहे. कळवू."

रीताने हात धुतले, पदराला पुसले. जाताना तिने खुशबूला विचारलं, "ताई, परवापर्यंत कळेल ना?" खुशबू म्हणाली, "परवा कशाला, उद्याच कळवते." आणि तिच्या मनात ठरलंही होतं. हीच.

मग ती ऑफिसात आपले कागद घ्यायला गेली. चौघांविषयी तिने लिहून ठेवलेली पानं पॅडला लावलेली होती. ती काढताना खालचं एक पान तिच्या हातात आलं. प्रविणचं अक्षर. वर महिनाभरापूर्वीची तारीख, जाहिरातीच्याही आधीची, आणि खाली निळ्या शाईत चार ओळी: एलिव्हेटरचा पट्टा. मेन पॅनेल. सॉर्टेक्स. बॉयलरचा वॉल्व्ह. त्यांच्यापुढे काळ्या शाईत, नंतर लिहिलेली चार नावं. मधुकरराव. मोहाडीवाला. रीता. मनिष. सगळ्यात खाली सॉर्टेक्सच्या कंपनीच्या इंजिनिअरचा फोन नंबर होता आणि त्यावर आडवी रेघ.

तिने ते पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला अर्थ लागला नाही असं नव्हे, पहिल्यांदाच लागला. दुसऱ्यांदा तिने वाचलं ते स्वतःचं नाव कुठे आहे ते शोधायला, कारण ही चार माणसं इथे आणण्याचं काम कुणीतरी केलं होतं, आणि त्या पानावर त्याचा उल्लेखच नव्हता.

जेवायला सगळे चारला बसले. ताराचंद, प्रविण, कुलदीप, मनिष. हर्षा वाढत होती. मनिषच्या डाव्या मनगटावर वाफेने लाल चट्टा उठला होता आणि त्याला हळद लावली होती. तो कामाचं बोलत होता, उत्साहाने, वॉल्व्ह कसा जाम झाला होता ते सांगत होता. खुशबू आली आणि तिने ते पान ताराचंदांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मामाजी, हे वाचा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पान बाजूला सरकवलं. प्रविणने ते ओळखलं. तो म्हणाला की चाचणी घेतली, सगळेच घेतात, न पाहता माणूस घ्यायचा काय?

"चाचणी अर्ध्या घंट्याची होते, भाऊजी. दिवाळीपासून बंद पडलेलं दुरुस्त करून घेणं, त्याले चाचणी नाही म्हनत." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच कुलदीपने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "चौघांतून कोनाले घेणार आहात?"

प्रविण म्हणाला, बघू. खुशबूने पुन्हा विचारलं. कोणाला? तो म्हणाला की आता चारही गोष्टी चालू झाल्या, हंगाम निघून जाते. पावसाळ्यानंतर पाहू.

"म्हणजे कोनालेच नाही," हर्षा म्हणाली.

ती भाताचं पातेलं हातात घेऊन उभी होती. कुणी तिच्याकडे लक्ष दिलेलं नव्हतं. तिने पातेलं खाली ठेवलं, सासऱ्यांच्या शेजारचं पान उचललं आणि आपल्या भावाचं नाव शोधून वाचलं. मग त्याच्या मनगटाकडे पाहिलं.

"मनिष, तू दर रविवारी येत होता इथे. काय करत होता?"

मनिष गडबडला. म्हणाला की शिकून राहिलो होतो. भाटवजी, म्हणजे प्रविण, म्हणत, आधी हात बसू दे. दीड वर्ष तो येत होता. मधल्या काळात बुटीबोरीला एका कारखान्यात त्याला बोलावलं होतं, तेही त्याने सोडलं होतं, कारण इथली जागा पक्की होती. हे सांगता सांगताच त्याला सगळं कळत गेलं असावं. त्याने घास ताटात परत ठेवला.

कुलदीप मध्ये पडला. तो म्हणाला की पाहुण्यासमोर हे कायले, संध्याकाळी बसून बोलू. खुशबू नवऱ्याला म्हणाली की ज्याच्याकडून बॉयलर दुरुस्त करून घेतला तो पाहुणा कसा?

प्रविणला आता राग आला होता. त्याचं म्हणणं असं की मिल चालवणं म्हणजे दवाखान्यात नर्सा भरणं नव्हे; बाजारात दोन गोष्टी स्वस्तात होत असतील तर करून घ्याव्या लागतात; आणि या चौघांपैकी कुणाचा हात त्याने धरून ठेवला नव्हता, सगळे आपल्या पायाने आले होते.

"आपल्या पायाने नाही आले," खुशबू म्हणाली. "मी बोलावलं म्हणून आले."

तिने फोन काढला. कुलदीप म्हणाला, खुशबू, राहू दे. तिने मधुकररावांचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर करून ताटांच्या मधोमध ठेवला. मधुकरराव बसमध्ये होते, मागून घरघर येत होती. तिने सांगितलं की मधुकरराव, मी मिलमधून खुशबू बोलते. तुम्हाला खोटं सांगून बोलावलं गेलं. जागा भरायची नव्हतीच. तुमच्याकडून धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा बसवून घ्यायचा होता. मला हे माहीत नव्हतं, पण बोलावलं मीच होतं.



"मले माहीत होतं, बाई," मधुकरराव म्हणाले. "दोन साल आधी माह्या भाच्याकून जळलेली मोटर भरून घेतली होती असीच. तुमची मिल त्यासाठीच वयखतात लोकं."

"मंग तुम्ही काहून आले?"

"तुमची जाहिरात पाहिली. पगार लिहिलेला होता. तुम्ही फोनवर नीट बोलले, कारध्यावरून कोनती बस धरायची ते सांगतलं. मले वाटलं, मिलवाले बदलले आता."

तिने त्यांचे आभार मानले की माफी मागितली, हे तिला नंतर आठवेना. फोन बंद झाला. ज्या चार गोष्टी ती मन लावून करत आली होती, वेळ देणं, पगार लिहिणं, नाव घेऊन बोलणं, कोणती बस धरायची ते सांगणं, त्यांचाच प्रविणने गळ केला होता. पाटी लटकत होती तेव्हा कुणी फसत नव्हतं. ती आली आणि माणसं फसली.

खुशबू ताराचंदांकडे वळली. तिला या घरात कुणाचा आधार वाटला असेल तर तो यांचाच होता.

"मामाजी, तुम्हाला माहीत होतं?"

ते पेल्यातलं पाणी प्याले. म्हणाले, "मी बी असंच करत होतो. पट्टा तुटला का चार जन बोलावाचे. पन त्यातला एक ठेवत होतो मी. हमेशा एक ठेवला."

"आन् जेवू घालत होतो," स्वयंपाकघराच्या दारातून गोदावरीबाई म्हणाल्या. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कुणास ठाऊक. "चौघांले बी. मीच वाढत होतो. आज ते पोरगी उपाशी गेली."

"माहीत होतं का, मामाजी?" खुशबूने पुन्हा विचारलं. "या वेळचं."

"प्रविण म्हने, पाहू," ते म्हणाले. "मी जास्त इचारलं नाही."

तिला त्या क्षणी प्रविणपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. प्रविणने निदान कागदावर लिहिलं होतं. यांनी तिला बोलावून, शेजारी बसवून, आपल्या मिलसाठी कर असं म्हटलं होतं, आणि जास्त विचारलं नव्हतं. तिला आठवलं की त्या दिवशी ती किती खूश झाली होती, आणि त्या आठवणीची तिला लाज वाटली.

मग तिने रीताला फोन लावला. हा फोन तिला लावावासा वाटत नव्हता. रीताने पहिल्याच घंटीला उचलला आणि आनंदाने विचारलं, "ताई, झालं का?"

खुशबूने सांगितलं. मधुकररावांना सांगितलं तसंच, फक्त पट्ट्याच्या जागी सॉर्टेक्स. रीताने सगळं ऐकून घेतलं.

"मी तुम्हाले दोनदा इचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"सकाळी आमच्या मालकाचा फोन आला होता. म्हने, आज नाही आली तं उद्या येऊ नको. मी म्हटलं, नाही येत. मले तुमच्यावर भरोसा होता म्हणून म्हटलं मी तसं."

फोन तिनेच ठेवला.

मग ताराचंद प्रविणला म्हणाले की त्या पोरीला कामावर घे. प्रविण म्हणाला, बाईमाणूस प्लांटवर नको. ताराचंदांनी पुन्हा सांगितलं. प्रविण उठला. तो म्हणाला की मिल मी चालवतो की तुम्ही, ते एकदा ठरवा. तुम्हाला चालवायची असेल तर उद्या सकाळी सहाला बॉयलरपाशी येऊन उभे राहा, मी घरी बसतो. ताराचंदांचा हात ताटावर होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. सगळ्यांनी ते पाहिलं.

हर्षाने मनिषला उठवलं. त्याची पिशवी आणून दिली, दारापर्यंत त्याच्याबरोबर गेली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पुढच्या रविवारी येऊ नको, त्याच्या पुढच्याही येऊ नको, आणि बुटीबोरीच्या त्या लोकांना आजच फोन कर. परत येताना ती नवऱ्याच्या समोरून गेली, पण थांबली खुशबूपाशी. म्हणाली, "त्या पोरीकडे, नाकाडोंगरीले कवा जातं? मी येतो."

सोमवारी सकाळी दोघी गेल्या. गाडी कुलदीपने चालवली. गाव जवळ आल्यावर तो म्हणाला की काल मी आधीच बोलायला पाहिजे होतं. खुशबू खिडकीबाहेर पाहत राहिली.

रीताचं घर गावाच्या टोकाला, जिथून जंगल सुरू होतं तिथे होतं. तिची आई शकुनबाई अंगणात धान वाळत घालत होती. तिने दोघींना पाहिलं, कोण आहेत ते विचारलं, आणि कळल्यावर पुन्हा धानात हात घातला. बसा म्हणाली नाही. रीता आतून आली. काल मिलमध्ये तिच्या केसांवर कोंडा होता, तोंडावर आशा होती. आज दोन्ही नव्हतं.

खुशबूने वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं ती अर्धंच बोलली. रीताचा जुना मालक तिला परत घेणार नव्हता, ती सकाळीच जाऊन आली होती. खुशबू म्हणाली की मी दुसऱ्या मिलमध्ये विचारते, नागपूरला माझ्या ओळखी आहेत. रीताने मान हलवली.

"मले तुमची नोकरी नको, ओळख बी नको," ती म्हणाली. "दुसरीकडे जातो तं पहिलं इचारतात, आधीच्या मिलचा कागद आन. तो मालक कागद देत नाही. माह्याजवळ काहीच नाही. तुमची मशीन मी सुरू केली ना? एकटीनं केली ना? तं तसं लिहून द्या. सही-शिक्क्याचं."

"देते," खुशबू म्हणाली.

"तुमच्या सहीचा काय उपयोग, ताई? मालकाची पाहिजे."

शकुनबाईने धानातून हात काढला आणि पहिल्यांदाच बोलली. म्हणाली की उद्यापर्यंत द्या, गोंदियाकडच्या एका मिलमध्ये बुधवारी बोलावलं आहे. मग खुशबू आणि हर्षा परत निघाल्या. चहा कुणी विचारला नाही आणि खुशबूला ते बरोबर वाटलं.

मिलचा शिक्का प्रविणच्या टेबलाच्या खणात असे. दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा हर्षाने त्याच्या शर्टातून किल्ली काढली आणि खुशबूच्या हातात दिली. लपवून दिली नाही. तो ताटावर बसला होता आणि पाहत होता. तो उठून मिलमध्ये आला तोवर खुशबू शिक्का आणि कोरं लेटरहेड घेऊन ताराचंदांसमोर उभी होती. ते मिलच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. मिलची मालकी कागदोपत्री अजून त्यांच्याच नावावर होती, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

प्रविण म्हणाला की बाबा, असा कागद देऊ नका. उद्या चौघंही मागतील. मग दोन साल आधीचे येतील.

"येऊ दे," खुशबू म्हणाली. "मी लिहून ठेवते सगळ्यांची नावं."

ताराचंदांनी तिच्याकडे पाहिलं. तिने खुर्ची ओढली नाही, बसली नाही, आणि नेहमीसारखा पदर सारखा केला नाही. त्यांनी विचारलं की काय लिहू. ती म्हणाली की जे झालं ते. त्यांनी पेन घेतलं. अक्षर मोठं, सावकाश, एकेक काना ओढून. तारीख लिहिली. रीताचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. मग लिहिता लिहिता ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा प्रविण काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रविण ओट्याच्या कडेला उभा होता, हमाल पोती उतरवत होते तिकडे तोंड करून.

त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे दिला. खुशबूने तो तिथेच उभ्याने वाचला. लिहिलं होतं की या उमेदवाराने आमच्या मिलमधील सॉर्टेक्स मशीन पाहिली आणि तिचे काम समाधानकारक आहे.

तिने कागद परत त्यांच्यापुढे ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"‘पाहिली’ नाही, मामाजी. ‘दुरुस्त केली’."

ताराचंद त्या शब्दाकडे पाहत राहिले. बोट तिथेच होतं. मग त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं, दुसरं कोरं लेटरहेड मागून घेतलं आणि वरच्या तारखेपासून सगळं पुन्हा लिहायला सुरुवात केली.